आगबोटीसाठी गाडी कोण थांबविणार?

रामेश्वरच्या नव्या पांबन पुलाचे उद्घाटन ६ एप्रिल २०२५ रोजी झाले आणि मंडपम् स्थानकावरच संपणाऱ्या गाड्या पुन्हा रामेश्वरपर्यंत जाऊ लागल्या. चेन्नईच्या एग्मोर स्थानकातून सुटणाऱ्या त्यांतील एका गाडीला दक्षिणेतील लोक अद्यापि ‘बोट मेल’ म्हणतात. ही गाडी आता कोणत्याही बोटीला मिळत नाही. तिच्या नावातील बोट १९८४ साली बंद पडली. पाल्कच्या सामुद्रधुनीपलीकडे, श्रीलंकेच्या मन्नार बेटावर, यादवीच्या काळात नष्ट झालेला लोहमार्ग भारताच्या साह्याने नव्याने घातला गेला आणि १४ मार्च २०१५ रोजी तलैमन्नारच्या धक्क्यापर्यंतची वाहतूक पुन्हा सुरू झाली. म्हणजे दोन्ही देशांनी कोट्यवधी रुपये खर्च करून आपापल्या किनाऱ्यापर्यंत रूळ आणून ठेवले. मधला समुद्र मात्र होता तसाच राहिला.

यावर कोणीही म्हणेल, की मग एक आगबोट सुरू केली म्हणजे झाले. इतके ते सोपे नाही. बोट सुरू करण्याचा प्रयोग थोड्या उत्तरेला होऊन गेला आहे. नागपट्टिणम् ते श्रीलंकेतील कांकेसंतुरै अशी उतारू-बोट १४ ऑक्टोबर २०२३ रोजी मोठ्या समारंभाने सुरू झाली, आणि ईशान्य मोसमी वारे सुरू होताच आठवड्याच्या आत ती थांबवावी लागली. १६ ऑगस्ट २०२४ रोजी दुसऱ्या बोटीने ती पुन्हा सुरू झाली. अंतर सुमारे साठ सागरी मैल, वेळ सुमारे चार तास, जागा दीडशे. नागपट्टिणम्‌ला रेल्वे आहे. कांकेसंतुरैचा लोहमार्गही २०१५ च्या जानेवारीत पुन्हा खुला झाला. नकाशावर पाहिले तर चेन्नई ते कोलंबो हा प्रवास जोडला गेलेला दिसतो. परंतु बोटीचे तिकीट बोटकंपनीकडे, अलीकडच्या गाडीचे तिकीट भारतीय रेल्वेकडे आणि पलीकडच्या गाडीचे तिकीट श्रीलंकेच्या रेल्वेकडे काढावे लागत असेल, तर तो एक प्रवास न राहता तीन प्रवास होतात, आणि त्या तिहींमधील दोन फटींत जे काही घडेल ते उतारूने आपल्या नशिबावर सोडावयाचे असते. बोटीला दोन तास उशीर झाला तर गाडी थांबणार काय, आणि ती न थांबल्यास उतारूच्या त्या रात्रीची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर देण्यास या तिघांपैकी कोणीही बांधलेला नाही.

वेळापत्रकांचा मेळ हा सामान्यतः घड्याळाचा विषय समजला जातो. दोन कागद शेजारी ठेवावेत, एकावरील सुटण्याची वेळ दुसऱ्यावरील पोहोचण्याच्या वेळेनंतर तासाभराने ठेवावी, की काम झाले, असा समज आहे. वस्तुतः तो कराराचा विषय आहे. दोन निरनिराळ्या मालकांच्या वाहनांचा मेळ कागदावर जुळतो, परंतु तो टिकतो केव्हा, तर मेळ चुकला असता ज्याला पैसे मोजावे लागतात असा कोणी तरी असतो तेव्हाच. आंतरराष्ट्रीय प्रवासाच्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासात ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसून येते, आणि आपल्या मुंबईचा तीत वाटा आहे.

मिनिटाला १ पौंड १४ शिलिंग

इंग्रजी अमदानीतील वक्तशीरपणाच्या आठवणी काढून उसासे टाकणारी एक पिढी आपल्याकडे होती. साहेबाची गाडी कशी घड्याळ लावून घ्यावे अशी येई, हे ती रंगवून सांगत असे. या वक्तशीरपणाचे उगमस्थान साहेबाच्या रक्तात नसून त्याच्या कंत्राटाच्या कागदात होते, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. लंडनहून वेल्समधील होलीहेड बंदरापर्यंत आगगाडी, तेथून आयर्लंडमधील किंग्जटाउनपर्यंत जहाज आणि पुढे डब्लिनपर्यंत पुन्हा गाडी, हा मार्ग १८४८ पासून चालू होता. त्याला ‘आयरिश मेल’ म्हणत. १८६० साली सरकारने या मार्गावरील टपालाचा नवा करार केला. लंडनचे टपाल अकरा तासांत आयर्लंडच्या धक्क्यावर पोहोचले पाहिजे, आणि उशीर झाल्यास प्रत्येक मिनिटाला १ पौंड १४ शिलिंग दंड, अशी त्यात अट होती.

या एका अटीने काय काय घडविले ते पाहण्यासारखे आहे. जहाजकंपनीने आयर्लंडच्या चार प्रांतांच्या नावांची चार वेगवान जहाजे बांधून घेतली. रेल्वेकंपनीपुढे अडचण अशी, की वाफेच्या एंजिनाला पाणी घेण्यासाठी वाटेत थांबावे लागे, आणि थांबण्याचे प्रत्येक मिनिट दंडाच्या दिशेने नेणारे होते. तेव्हा जॉन रॅम्सबॉटम या अभियंत्याने उत्तर वेल्समधील मॉख्ड्रे येथे रुळांच्या मधोमध लांबच लांब पन्हळी बसवून त्या पाण्याने भरून ठेवल्या. धावत्या एंजिनाने एक नळी खाली सोडावी आणि वेगाच्या जोरावर ते पाणी आपोआप टाकीत चढावे. जगातील अशी ही पहिली योजना. ती सुचली बुद्धीला हे खरे, पण बुद्धीला टोचणी होती ती दर मिनिटाच्या दंडाची.

त्याहूनही एक गंमत पुढे निर्माण झाली. १८८० पासून १९१६ पर्यंत आयर्लंडची कायदेशीर वेळ इंग्लंडच्या वेळेपेक्षा पंचवीस मिनिटांनी मागे होती. गाडी एका घड्याळावर सुटे आणि जहाज दुसऱ्या घड्याळाच्या देशात पोहोचे. तरीही मेळ चुकत नसे. कारण हिशेब कोणत्या घड्याळाने करावयाचा, हे एकदा ठरविले की काम भागते. मुंबईकरांना याचे नवल वाटू नये. हिंदुस्थानची प्रमाणवेळ रूढ झाल्यानंतरही मुंबईने आपली स्वतःची ‘मुंबईवेळ’ १९५५ पर्यंत जतन केली होती, आणि ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. रेल्वेचे घड्याळ एक, महापालिकेचे दुसरे. गाडी चुकलेल्या माणसाला सांगण्यासारखी याहून चांगली सबब दुसरी नसेल.

बॅलार्ड पियरवरील सहा डबे

विलायतच्या डाकेचा दिवस हा एके काळी मुंबईच्या जीवनातील ठळक दिवस असे. आगबोट बॅलार्ड पियरला लागे आणि धक्क्यावरच रेल्वे उभी असे. पंजाब मेल ही गाडी १ जून १९१२ रोजी याच धक्क्यावरून प्रथम सुटली असे मध्य रेल्वे मानते. साउथॅम्प्टनहून तेरा दिवसांचा समुद्रप्रवास करून आलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याजवळ बोटीचे आणि पुढील रेल्वेचे मिळून एकच तिकीट असे. त्याने जहाजाची शिडी उतरावी आणि गाडीत बसावे. सुमारे अडीच हजार किलोमीटर दूर असलेल्या पेशावरला तो सत्तेचाळीस तासांत पोहोचत असे. १९२८ च्या सप्टेंबरात दुसऱ्या रेल्वेकंपनीने याच प्रवाशांसाठी स्पर्धेत ‘फ्रंटियर मेल’ उतरविली.

त्या आरंभीच्या पंजाब मेलची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. गाडीला डबे सहा. त्यांतले तीन माणसांसाठी आणि तीन टपालासाठी. तीन डब्यांत मिळून जागा केवळ ९६. एवढी वेगवान गाडी, एवढा खटाटोप, आगबोटीची अशी वाट पाहणे, हे केवळ ९६ माणसांसाठी कोणत्याही रेल्वेकंपनीने केले नसते. ते चालले होते उरलेल्या तीन डब्यांसाठी. डाकेचे पैसे सरकार देत होते आणि डाकेच्या उशिराचा जाब सरकार विचारत होते. माणूस आपल्यासाठी गाडी थांबली आहे अशा समजुतीने गादीवर बसे. वास्तविक ती थांबलेली असे शेजारच्या डब्यातील पत्रांच्या पिशव्यांसाठी. प्रवासी टपालाच्या पाठीवर बसून चालला होता, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

ज्यूल व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ या कादंबरीचा नायक पैज लावतो ती याच डाकेच्या भरवशावर. तो २० ऑक्टोबर १८७२ रोजी दुपारी साडेचार वाजता मुंबईला उतरतो, आणि कलकत्त्याची गाडी रात्री आठ वाजता असते. साडेतीन तासांचा हा मेळ कादंबरीकाराने वेळापत्रकांवरूनच बेतला. पुढे मात्र त्याने रेल्वेचा मधला तुकडा अपुरा दाखवून नायकाला हत्तीवर बसविले. प्रत्यक्षात मुंबई–कलकत्ता लोहमार्ग १८७० सालीच पुरा झाला होता. कादंबरीला हत्ती हवा होता, म्हणून रूळ उखडले गेले. आपल्या सरकारांना तर त्यासाठी हत्तीचेही निमित्त लागत नाही.

धनुष्कोडीचा धक्का

आता मूळ विषयाकडे वळू. मद्रासहून लंकेला जाण्याचा जुना रस्ता तुतिकोरीनवरून होता. गाडीने तुतिकोरीन आणि तेथून जहाजाने कोलंबो. फेब्रुवारी १९१४ मध्ये पहिला पांबन पूल खुला झाला आणि गाडी थेट धनुष्कोडीच्या धक्क्यापर्यंत जाऊ लागली. समोरचे तलैमन्नार केवळ बावीस मैलांवर. तेथे कोलंबोची गाडी उभी असे. मद्रास ते कोलंबो असे एकच तिकीट मिळे. आणि महत्त्वाची गोष्ट अशी, की मधली जहाजे कोणा परक्या कंपनीची नव्हती. ती साउथ इंडियन रेल्वेच चालवीत असे. गाडीला उशीर झाला तर जहाज थांबवावयाचे की नाही, हा एकाच घरातला प्रश्न होता.

गाडीचे डबेच जहाजावर चढवून पलीकडे न्यावेत, ही युरोपातील युक्ती येथे शक्य नव्हती. याचे कारण मोठे चमत्कारिक आहे. समुद्राच्या अलीकडे दक्षिण हिंदुस्थानात मीटरमापी रूळ आणि पलीकडे लंकेत साडेपाच फुटी रुंदमापी. दोन्हीकडे राज्य इंग्रजांचे, पण रुळांची रुंदी वेगळी. म्हणून प्रत्येकाला खाली उतरावे लागे. आज हे कारण उरलेले नाही. रामेश्वरचा मार्ग रुंदमापी झाला आहे आणि लंकेचा मार्ग तर तसा होताच. ज्या काळात डबे पलीकडे जाऊ शकत नव्हते त्या काळात बोट होती, आणि आज रूळ सारखे झाले तर बोट नाही!

परंतु हा जुना मेळ सर्वांसाठी सारखा होता असे समजून भारावून जाण्याचे कारण नाही. वरच्या वर्गाचा उतारू गाडीतून उतरून जहाजावर चढे. लंकेच्या चहाच्या आणि रबराच्या मळ्यांवर मजुरीला जाणाऱ्या तमिळ स्त्री-पुरुषांना मात्र मंडपम्‌च्या छावणीत आरोग्य-तपासणीच्या नावाखाली काही दिवस अडकवून ठेवले जात असे. लंकेच्या मळ्यांची संपत्ती ज्यांच्या श्रमांवर उभी होती, त्यांच्या दृष्टीने बोट मेलचे वेळापत्रक दिवसांत मोजावयाचे होते. मिनिटांचा हिशेब डाकेसाठी आणि साहेबासाठी. मेळ कोणासाठी घातला जातो, हा प्रश्न तेव्हाही होता. तो विचारणारा कोणी नव्हता एवढेच.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री आलेल्या चक्रीवादळाने धनुष्कोडी पुसून टाकले. पांबनहून धनुष्कोडीला निघालेली गाडी शंभराहून अधिक माणसांसह समुद्राने गिळली. पुलाचीही मोडतोड झाली. तो पूल ई. श्रीधरन् या तरुण अभियंत्याच्या देखरेखीखाली ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिला, ही कथा प्रसिद्ध आहे आणि ती अभिमानाने सांगितली जाते. धनुष्कोडी मात्र कायमचे सुटले, आणि बोट रामेश्वरहून तलैमन्नारला जाऊ लागली. लंकेतील वांशिक संघर्ष चिघळला तेव्हा, १९८४ मध्ये, तीही थांबली. पुलाला ४६ दिवस लागले. बोटीला चाळीस वर्षे पुरलेली नाहीत. लोखंड आणि सिमेंट यांचे काम आपल्याला जमते; दोन खात्यांना आणि दोन सरकारांना एका कागदावर सही करावयास लावणे हे खरे अवघड काम होय.

टपाल विमानाने गेले

या ऱ्हासाचे खापर केवळ वादळावर किंवा यादवीवर फोडता येणार नाही. जेथे वादळ नव्हते आणि यादवीही नव्हती, तेथेही गाडी आणि आगबोट यांची फारकत झालीच. तिचा आरंभ टपालापासून झाला. मार्च १९२९ मध्ये लंडन–कराची विमानसेवा सुरू झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर उतरले, आणि तीच डाक पुढे बेल्लारीवरून मद्रासला गेली. भारतीय विमानवाहतुकीचा हा जन्मदिवस म्हणून आपण साजरा करतो, ते योग्यच आहे. पण त्याच दिवशी बॅलार्ड पियरवर उभ्या असणाऱ्या गाडीच्या पायाखालची वाळू सरकू लागली, हेही नमूद केले पाहिजे. टपाल विमानात बसल्यावर आगबोटीसाठी गाडीने वाट पाहण्याचे व्यापारी कारणच संपले. मिनिटाला दंड मागणारा खाली उतरला. उरला तो साधा उतारू. आणि त्याच्या नावाचा करार कधी कोणी केलाच नव्हता.

दुसरा घाव मालकीचा. गाडी आणि जहाज एकाच मालकाचे असणे हा मेळाचा सर्वांत सोपा मार्ग, हे पाल्कच्या सामुद्रधुनीत जसे दिसले तसेच इंग्लिश खाडीतही. ब्रिटिश रेल्वेची स्वतःची जहाजे होती. तिची ‘सीलिंक’ ही जहाजकंपनी तेथील सरकारने १९८४ सालीच विकून टाकली. रामेश्वरची बोट थांबली तेही हेच साल, हा योगायोग. विकत घेणाऱ्याला नफा मोटारींतून आणि मालमोटारींतून मिळणार, हे उघड होते. पायी चढणारा रेल्वेचा उतारू हा त्यांच्या हिशेबात किरकोळीचा ठरला. मग बंदरेही त्याच्यापासून दूर सरकू लागली. किंग्जटाउनचे नाव पुढे डन लॅरी झाले. तेथे एके काळी गाडी धक्क्यावर येत असे. होलीहेडची जहाजे आता डब्लिनच्या मालबंदरात लागतात, आणि तेथून रेल्वेस्थानक गाठण्यासाठी बस किंवा टॅक्सी शोधावी लागते. होलीहेडला मात्र स्थानक आणि धक्का आजही एकमेकांस लागून आहेत. एका टोकाला मेळ शाबूत आणि दुसऱ्या टोकाला तुटलेला, असे हे अर्धे लग्न आहे.

जर्मनी आणि डेन्मार्क यांच्यामधील पुटगार्डन–रॉडबी या मार्गावर १९६३ पासून २०१९ पर्यंत संपूर्ण आगगाडीच जहाजाच्या पोटात शिरत असे. पाऊण तासाचा समुद्र. उतारूने पायऱ्या चढून वर जावे, कॉफी घ्यावी आणि पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसावे. येथे मेळ चुकण्याचा प्रश्नच नव्हता, कारण गाडी जहाजात आणि जहाज गाडीसाठी. समुद्राखालचा बोगदा व्हावयाचा म्हणून हे थांबले. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही.

हॉलंडचे उदाहरण जरा वेगळ्या दृष्टीने उद्बोधक आहे. हूक व्हान हॉलंड येथे इंग्लंडच्या जहाजासाठी एके काळी युरोपभर जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या उभ्या असत. २०१९ च्या सप्टेंबरापासून तेथे रॉटरडॅमची मेट्रो येते. ती कोणत्याही जहाजासाठी थांबत नाही; पण तिला थांबण्याची गरजही नाही, कारण एक चुकली तर थोड्या वेळाने दुसरी येते. जेथे वाहन वारंवार आहे तेथे मेळ आपोआप जुळतो. ज्या स्थानकातून दिवसाकाठी मोजक्याच गाड्या सुटतात, तेथे मात्र मेळ मुद्दाम घालावा लागतो. मुंबईच्या उपनगरी गाडीच्या प्रवाशाला वेळापत्रकाची फारशी पर्वा नसते, आणि कोकणातील एखाद्या गावी शेवटच्या एस. टी.साठी धावणाऱ्याला ते पाठ असते. यातील फरक हाच.

युरोपात हा विचार निदान कायद्याच्या पातळीवर पुढे गेला आहे. तेथील रेल्वेकंपन्या १८७२ पासून वेळापत्रकांच्या मेळासाठी परिषदा भरवीत आल्या आहेत. डिसेंबरच्या मध्यावर एकाच रात्री सर्व देशांच्या रेल्वेची वेळापत्रके बदलतात. मात्र जहाजकंपन्या त्या परंपरेत नाहीत. त्या आपापल्या हंगामाप्रमाणे वेळा ठरवितात. उतारूंच्या हक्कांचेही तसेच. रेल्वेचा कायदा वेगळा, जहाजाचा वेगळा. दोन्ही कायद्यांत उशिराबद्दल भरपाई आहे; पण जहाजाच्या उशिरामुळे गाडी चुकली तर काय, हे त्या दोहोंच्या मधल्या फटीत पडते. ही फट बुजविण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने २०२३ च्या नोव्हेंबरात मांडला. दीडशे वर्षांच्या परिषदांनंतर ही कल्पना सुचावी, यावरून वेळापत्रक जुळविणे आणि जबाबदारी घेणे या किती वेगळ्या गोष्टी आहेत ते कळते.

दीडशेंसाठी हजारांनी ताटकळावे काय?

या मागणीविरुद्ध एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. रेल्वेचे अधिकारी म्हणतील, की आमच्या लांब पल्ल्याच्या गाडीत हजाराहून अधिक माणसे असतात. बोटीतली दीडशे, त्यांतली रेल्वेने पुढे जाणारी कदाचित पन्नास. पन्नासांसाठी हजारांना का खोळंबावे? शिवाय एकेरी किंवा गर्दीच्या मार्गावर एक गाडी थांबविली की तिच्यामागच्या चार गाड्या बिघडतात. हा युक्तिवाद बिनतोड आहे. भारतात समुद्रावर भरवसा ठेवून लांबची गाडी रोखून धरणे शहाणपणाचे होणार नाही, असेच माझेही मत आहे.

पण मेळ याचा अर्थ गाडी थांबविणे एवढाच नव्हे. नागपट्टिणम्‌हून तिरुवारूर किंवा तंजावर येथपर्यंत चार डब्यांची एक छोटी गाडी बोटीच्या नावाने ठेवता येईल. ती थांबली तर फारसे कोणाचे अडणार नाही. लांबची गाडी सुटून गेली तर त्याच तिकिटावर दुसऱ्या गाडीत राखीव जागा देता येईल. तीही नसेल तर रात्रीच्या निवाऱ्याची सोय करता येईल. यातील कोणतीही गोष्ट क्रांतिकारक नाही. भारतीय रेल्वेने १ एप्रिल २०१९ पासून दोन गाड्यांची आरक्षणे एकमेकांस जोडण्याची सोय केली आहे. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली तर न केलेल्या प्रवासाचे पैसे कपातीशिवाय परत मिळतात. म्हणजे तत्त्व रेल्वेने मान्य केलेले आहे. प्रश्न तेच तत्त्व धक्क्यापर्यंत नेण्याचा आहे.

आणखी एक घटक आहे आणि तो वेळापत्रकात कधीच छापला जात नाही. तो म्हणजे पारपत्राची आणि सामानाची तपासणी. बोट चार तासांची. पण उतारूच्या घड्याळात तिच्या अगोदर रांग, नंतर रांग. ही रांग किती वेळात संपेल याची हमी देणारे खाते जोवर करारात नाही, तोवर रेल्वे आणि बोटकंपनी यांनी कितीही सद्भावनेने वेळा जुळविल्या तरी त्या तपासणीच्या टेबलापाशी फसतील. जुन्या मंडपम्‌ला मजूर जेथे अडके, तेथेच आजचा उतारू वेगळ्या रूपाने अडकू शकतो. दीडशे माणसांची तपासणी ठराविक वेळात उरकण्याइतकी माणसे नेमणे ही काही फार मोठी मागणी नव्हे.

कोणी विचारील, की चेन्नईहून कोलंबोला विमान थोड्याच वेळात पोहोचविते. मग हा उपद्व्याप कशासाठी? विमानाने जाणाऱ्याने खुशाल जावे. परंतु जाफन्यातील ज्या कुटुंबाचे अर्धे गणगोत तंजावर जिल्ह्यात आहे, जो फेरीवाला दोन गाठोडी घेऊन जातो-येतो, जो यात्रेकरू रामेश्वर करून पलीकडच्या देवस्थानांना जाऊ इच्छितो, त्याला विमानाचे भाडे आणि सामानाची मर्यादा दोन्ही परवडत नाहीत. समुद्राचा रस्ता त्याचा आहे. ज्याच्याजवळ पैसे आहेत त्याची गाडी चुकली तर तो हॉटेलात उतरतो. ज्याच्याजवळ नाहीत तो फलाटावर मुलाबाळांसह रात्र काढतो. म्हणून मेळाचा करार ही चैनीची मागणी नसून सामान्य माणसाच्या गरजेची मागणी आहे, असे आम्हांस वाटते.

तेव्हा करावयाचे काय? पहिली गोष्ट, चेन्नई ते जाफना आणि चेन्नई ते कोलंबो असे एकच तिकीट दोन्ही देशांच्या रेल्वेंनी आणि बोटकंपनीने मिळून काढावे, जसे १९१४ नंतर मिळत होते. या तिकिटावर जबाबदार कोण त्याचे एकच नाव छापलेले असावे. तिघांनी आपापसात काय वाटून घ्यावयाचे ते त्यांनी पाहावे, उतारूला त्याच्याशी कर्तव्य नाही. दुसरी गोष्ट दंडाची. तो भारी नको. १८६० चा आकडा तर नकोच. पण उशिराच्या प्रत्येक तासामागे काही रक्कम, मग ती लहान का असेना, चुकविणाऱ्याच्या खात्यातून उतारूच्या खात्यात गेली पाहिजे. सरकार बोटीला अर्थसाह्य देणारच असेल तर ते फेऱ्यांच्या संख्येवर न देता जुळलेल्या मेळांच्या संख्येवर द्यावे. बोट रिकामी धावली तरी पैसे, आणि गाडी चुकवून पोहोचली तरी पैसे, असा व्यवहार टपालखात्याने कधी केला नसता.

तिसरी गोष्ट समुद्राच्या स्वभावाची. पाल्कच्या सामुद्रधुनीत ऑक्टोबर ते डिसेंबर हे महिने भरवशाचे नाहीत, हे २०२३ च्या त्या एका आठवड्याने दाखवून दिले. तरीही वर्षभराचे एकच वेळापत्रक जाहीर करून मग फेऱ्या रद्द करीत बसणे, हे आपल्या खात्यांच्या अंगवळणी पडले आहे. त्यापेक्षा करार नऊ महिन्यांचाच करावा. त्या नऊ महिन्यांत गाडी, बोट आणि गाडी यांची हमी पुरी द्यावी, आणि उरलेल्या तीन महिन्यांच्या रकान्यात वेळ न छापता ‘बोट नाही’ असे दोन शब्द छापावेत.